बिल्ला नंबर सतरा

देऊळ बघायला आलाय न्हवं?
मग पहिल्यांदा मी, कोपेश्वर नंतर.
चिंचेखाली फळी, वर पत्रा,
चाळीस खोकी, एकोणचाळीस बिल्ले.
सतरा नंबरचा महापुरात गेला.
त्या खोक्यात मी काय ठेवत न्हाई.

चेहरे माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाईत,
टाचा ऱ्हात्यात.
पुण्याच्या बुटांना दोन-दोन गाठी,
सोडता सोडता नवरा-बायकोची वादावादी.
शाळेची सहल आली की काळ्या बुटांचा ढीग,
मोज्यांचा वास सांजपर्यंत हलत न्हाई.
आन सकाळीच कोल्हापुरात चप्पल लाइनीला घेतलेली
कोरी कापशी, करकर वाजणारी,
वाडीची बासुंदी खाऊन, कुरुंदवाड करून
अंगठ्याला फोड आणत हितवर पोचलेली.
ती काढताना माणूस असा सुस्कारा सोडतो
की देव दारातच पावला म्हणायचं.

परवा एक बाई हसली.
मी म्हटलं, "जावा निवांत, मी हितंच बसतो."
"बसते म्हणा की हो, मावशी!"
आमच्याकडं बायका बी बसतोच म्हणत्यात.
आन बसायचं काय, तेवढंच असतंय.

आत काय हाय ते मला ऐकून पाठ.
रावसाहेब चौगले दिवसातनं सातदा सांगतो:
खांब अठ्ठेचाळीस,
वर छताला गोल आभाळ मोकळं ठेवलेलं,
खाली तेवढीच गोल शिळा.
नंदी न्हाई. तो पल्याड यडूरला, म्हणत्यात.
हत्ती पाठीवर देऊळ घेऊन उभे,
कितीकांच्या सोंडा मोडल्याल्या.
"कुणी मोडल्या?" पोरं इचारत्यात.
वेळ असला की रावसाहेब मोठी गोष्ट सांगतो,
गाडी सुटायची असली की म्हणतो, "जुनं हाय ते."

एकोणीस साली कृष्णा आली,
तिनं पायातलं काढलं न्हाई.
आम्ही शिरोळला शाळेत, सतरंजीवर.
माझ्या हातात म्हशीचं दावं होतं,
म्हस नव्हती.
परत आलो तर खोकी गाळानं गच्च
आन तीस नंबरात एक खेकडा,
भाडं भरल्यागत बसलेला.

कार्तिकी पुनवेला चांद बरोब्बर त्या गोलावर येतो.
त्या रातीला गर्दी गावात मावत न्हाई.
खोकी पुरत न्हाईत, पोत्यात भरतो चपला,
दोरीनं जोड बांधतो, चुन्यानं आकडे घालतो.
एकवीस वर्सं झाली,
तो चांद मी परत येणाऱ्यांच्या तोंडावरच बघितलाय.
कुणी गप. कुणी डोळं पुसत.
कुणी म्हणतंय, "फोटो काय नीट आला न्हाई."

औंदा सगळी पांगली आन एक जोड उरला.
सतरा नंबरात.
कुणी ठेवला, कवा ठेवला, ठावं न्हाई.
म्हाताऱ्या माणसाच्या वहाणा,
डावी टाच आतनं झिजलेली,
अंगठ्याला तारेचा टाका.
एक वाजला. थंडी सुटली.
शेवटी उठलो बघायला,
पर माझ्या चपला?
माझ्या कोण सांभाळणार?
ठेवल्या त्याच्या शेजारीच, सतरात.

आत कुणी न्हाई.
खांबाखांबाआड बघितलं, हाक मारली,
हाक गोल फिरून परत माझ्याकडंच आली.
शिळा गार होती.
बसलो. मग आडवा झालो, कोण बघतंय!
चांद तवर सरकलेला,
गोलाच्या कडंला त्याची नुसती उजेडाची किनार,
आन मधी काळं आभाळ,
त्यात चार-पाच चांदण्या, कुठनं तरी लांबनं आल्यागत.
रावसाहेब ह्यांचं काय सांगत न्हाई.

किती वेळ गेला कळलं न्हाई.
भाईर आलो तर सतरात माझाच जोड,
आन उजव्या चपलेत
पाच रुपयांचा डॉलर.

माझा दर दोनच हाय.
सुट्टे द्यायचे ऱ्हायलेत.